सोळा बाय बाराच्या खोलीतला बेस

घरच्या सबवूफरसाठी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो वॉटचा. आमच्याकडेही तोच आधी निघाला. अंबाजोगाईतली आमची बैठकीची खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद. वर १० फुटांवर स्लॅब, पक्क्या विटांच्या भिंती, खाली फरशी. तिथे १५ इंची वूफरचे, आठ-आठ ओहमचे दोन खोके आहेत. १८ एमएम प्लायचे हे खोके माझ्या मेहुण्याने स्वतः बांधले. त्याची उभी हयात साउंडच्या धंद्यात गेली: लग्नाचे मांडव, गावोगावचे सप्ते, योगेश्वरीचा मार्गशीर्षातला महोत्सव. माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पुण्यात नोकरीला आहे. तिला या खोक्यांसाठी डीएसपी असलेला अ‍ॅम्प्लिफायर हवा आहे, म्हणजे आवाजाची काटछाट, उशीर, मर्यादा हे सगळं आतल्या चिपवर ठरवता येतं असा. मामाला तो नको आहे. दोघांचं बोलणं इथे देतो. मधे जिथे मला काही म्हणायचं आहे तिथे म्हणेन.

मामा : अगं, एवढ्याशा खोलीला तीन हजार वॉट कशाला आणायलीस? तेवढ्यात आम्ही मैदान वाजवलंय.

भाची : मामा, नावातल्या तीन हजारांवर जाऊ नका. बेहरिंगरच्या एनएक्स ३०००डीचा तो आकडा शिखराचा आहे. दोन्ही चॅनेलची बेरीज, तीही क्षणभराची. आपले खोके आठ ओहमचे, म्हणून आठ ओहमला सलग किती मिळतात तो रकाना वाचायचा. क्राउनचा एक्सएलएस १५०२ बघा : आठ ओहमला चॅनेलमागे ३००, चारला ५२५, दोनला ७७५. मशीन एकच आणि आकडे तीन.

मामा : मग तो क्राउनच घे की. हलका आहे, नाव आहे, आणि कटसुद्धा आहे त्यात.

भाची : त्यात क्रॉसओव्हर आहे आणि तो चांगला आहे, ऑक्टेव्हला २४ डीबीचा. पण एकच फ्रिक्वेन्सी धरून तेवढीच खाली दाबायची सोय नाही. पॅरामेट्रिक इक्यू म्हणतात ती. एनएक्स मालिकेतल्या ‘डी’वाल्या मशीनमध्ये ती आहे, डिले आहे, लिमिटर आहे. आपल्या खोलीला तीच लागणार.

मामा : खोलीला काय झालं?

खोलीला काय झालंय ते साध्या भागाकारात कळतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. लांबीच्या दुपटीने वेगाला भागलं की ३५ येतात. या ३५ हर्ट्झवर आवाजाची लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमकी अडकते आणि उभी राहते. रुंदीचा असाच आकडा ४७, उंचीचा ५६. लांबीच्या आकड्याची दुप्पट ७०, तिथेही तेच. भिंतीला टेकून बसलेल्याला या लाटा फुगून ऐकू येतात. खोलीच्या बरोबर मध्यावर ३५ जवळजवळ नाहीसा होतो आणि ७० मात्र घुमतो. भिंतीपासून चार फुटांवर, म्हणजे लांबीच्या पाव हिश्श्यावर, ७० गायब. त्याच खोलीत, त्याच खोक्यांवर चार माणसं चार वेगळे बेस ऐकतात. लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ पत्रे ठोकलेल्या अमेरिकी घरात भिंत थोडी हलते आणि बेसचा काही भाग गिळते. आपली विटांची भिंत आणि स्लॅब फारसं काही गिळत नाही. परदेशी परीक्षणात वाचलेला सबवूफर आपल्याकडे आणला की घुमतो, त्याचं मोठं कारण हेच.

आता यातला ७० हा आकडा आमच्या घरात नुसता आकडा नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर हे पखवाजातलं मोठं नाव. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या भागात पखवाज आधी सप्त्यात कानावर पडतो, मैफलीत नंतर. आमच्या घरी रोज वाजतं ते भजन आणि पखवाज, सिनेमा रविवारी. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो, त्याच्या खालचा ६९ वर. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो खोल नाद उतरवतात, तो याच टापूत फिरतो. म्हणजे खोलीची खोड आणि पखवाजाचा नाद एकाच जागी येऊन बसलेत. ‘धा’ पडला की खोली तो सोडतच नाही. पुढचे बोल त्याच्यात बुडतात.

मामा : हे मला हिशेबाशिवाय कळायलंय. मागच्या भिंतीला टेकलं की बोल चिखलात गेल्यासारखे. यावर मशीन नको. खोका हलव. आम्ही सभागृहात तेच करतो.

भाची : हलवा बरं.

त्याने हलवला. पद्धत जुनीच : खोका ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा, पखवाजाचं एकच आवर्तन लावून ठेवायचं आणि आपण भिंतीकडेने फिरत कान लावायचा, जिथे बोल सुटे ऐकू येतात ती खोक्याची जागा. मामा फिरत फिरत समोरच्या भिंतीपासून काही पावलांवर थांबला आणि म्हणाला, इथं. मुलीने टेप लावली. चार फूट, दोन-चार इंच इकडे तिकडे. तिच्या हिशेबातला ७० हर्ट्झचा मेलेला बिंदू तोच. लाटेच्या ज्या जागी दाब नाही, तिथे ठेवलेला खोका ती लाट उठवू शकत नाही, आणि मामाच्या कानाला ते भागाकाराशिवाय सापडलं. खोका तिथे नेल्यावर तिने मायक्रोफोन स्टँडवर लावून आरईडब्ल्यूवर मोजणी घेतली. ‘रूम इक्यू विझार्ड’ नावाचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन घेतला की घरच्या घरी मोजता येतं. पडद्यावरचा ७० चा सुळका बसला होता.

मामा : झालं? एक रुपया न घालता.

भाची : झालं, पण खोका आता दारातून आत येणाऱ्याच्या पायात आहे. आईने तो तिथे संध्याकाळपर्यंतही ठेवू दिला नसता. आणि दुसऱ्या खोक्याचं काय? हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली हाच अभ्यास मांडला होता : चौकोनी खोलीत किती सबवूफर आणि कुठे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला, तरी बराच फायदा होतो. आपण एक समोर, एक मागे ठेवू. ३५ ला दोघं एकमेकांना खोडतात. रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ४७ उठतच नाही. राहतो तो ७०, आणि तो तर दोघं मिळून जास्तच उठवतात. मग तो एकटा इक्यूने दाबायचा. जागेने होतं ते जागेने, उरलं ते चिपने.

इथे मला वाटतं मुलीने वादाची गाठ सोडवली, आणि अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याचा खरा प्रश्नही इथेच सुरू होतो. डीएसपी विकत घेणारा बहुधा समजतो की खोलीची चूक मशीन दुरुस्त करील. मशीन फक्त उंचवटा कापू शकतं. असा एकटा उंचवटा बरोबर तेवढ्याच रुंदीने कापला, तर आवाजाची पातळी उतरतेच, शिवाय शेपटासारखं लांबणारं घुमणंही आखूड होतं. खड्डा मात्र भरत नाही. ज्या जागी लाटा एकमेकींना खोडतात, तिथे आवाज वाढवला की खोडणारी लाटही वाढते. त्यात वॉटचा हिशेब क्रूर आहे : ३ डीबी वाढवायला दुप्पट वॉट, १० डीबीला दसपट. २०० वॉट खाणाऱ्या वूफरला एका बटणाने २००० मागितले, तर अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागतो आणि मागोमाग कॉइलचा वास येतो.

मामा : वास तर आम्ही लई घेतलाय. पोरं इक्यूच्या सगळ्या दांड्या वर करून ठेवतात. बरं, एक सांग. माझे खोके पोर्टवाले आहेत, चाळीसच्या आसपास बांधलेले. त्याच्या खाली वाजवलं की काय होतं ते तुझ्या मशीनला माहीत आहे का?

भाची : सांगितलं तर माहीत होतं. पोर्टच्या आकड्याखाली खोक्यातली हवा कोनाला आवरत नाही. कोन नुसता पुढेमागे पळतो, आवाज निघत नाही, आणि एखाद्या स्फोटाच्या सीनला कॉइल मागे आपटते. म्हणून ३५ ला हायपास लावायचा. अ‍ॅम्प्लिफायर बघताना मी हेच आधी विचारते. हायपास किती खाली नेता येतो, उतार किती, इक्यूच्या पट्ट्या किती, सेटिंग लॅपटॉपवरून करता येतं का, लाइट गेल्यावर लक्षात राहतं का. वॉट त्यानंतर.

मामा : मग सिनेमातला तो पोटात हलणारा बेस?

भाची : तो या खोक्यांतून येणार नाही. त्याला वेगळा वूफर लागेल. तेवढाच आवाज ७० ऐवजी २० हर्ट्झला काढायचा, तर कोनाला सुमारे बारापट जास्त हलावं लागतं. स्टेजचा वूफर तेवढा हलतच नाही. आपल्याला पखवाज नीट ऐकायचाय की डायनासोर, ते आधी ठरवा.

मामा : पखवाज. त्यात विचारायचं काय?

हे ठरलं आणि निम्मी यादी आपोआप गळाली. ज्यांना सिनेमाच लावायचा असेल त्यांचं गणित वेगळं; त्यांना बंद खोका, लांब पल्ल्याचा वूफर आणि भरपूर वॉट लागतील, आणि त्यांनी सरळ आतच अ‍ॅम्प्लिफायर आणि डीएसपी असलेला तयार सबवूफर घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही. खोका, वूफर आणि लिमिटर एकमेकांना जुळवूनच ते बनवलेले असतात.

खरा वाद पुढे झाला, आणि तो आवाजाचा नव्हता.

मामा : माझं ऐक. तुझं मशीन चांगलं असेल. पण ते बिघडलं तर? माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी आहे. जळाली तर दुकानात मिळते, नसली तर लातूरहून येते, मी घरी बसून बदलतो. ट्रान्सफॉर्मर जळाला तर भरून घेतो. तुझ्या मशीनचा बोर्ड बघितला मी. तांदळाच्या कणीएवढे पार्ट, नंबर दिसत नाहीत. तो पुण्याला जाणार, तिथून मुंबईला. तोवर काय ऐकायचं?

भाची : पण तुमच्या मशीनला व्होल्टेज पडलेलं चालत नाही. २३० चं १८० झालं की ट्रान्सफॉर्मरवाल्याची ताकद वर्गाच्या हिशेबाने उतरते. ३०० वॉटचे १८० च्या आसपास उरतात, आणि आवाज फाटायला लागतो. चांगला एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगवाला पॉवर सप्लाय, ते सांभाळून घेतो. वर क्लास डी आहे, वीज कमी खातो, तापत कमी. आपला मे महिना बघता तेही महत्त्वाचं.

मामा : कमी व्होल्टेज सांभाळील. न्यूट्रल तुटला आणि चारशेच्या घरात आलं तर? तेव्हा दोन्ही जळतात. माझं मात्र इथंच दुरुस्त होतं.

मुलगी यावर थोडा वेळ गप्प राहिली, कारण हे खरं आहे. महानगरात बसून लिहिलेल्या सल्ल्यात दुरुस्ती हा मुद्दा नसतोच. तिथे वॉरंटी हा शब्द पुरतो. तालुक्याच्या गावात वस्तू किती चांगली यापेक्षा ती बंद पडल्यावर कुणाच्या हातात जाईल, हे मोठं असतं. मला मामाचा हा मुद्दा पूर्ण पटतो. तो जुन्या माणसाचा हट्ट नाही, पैशाचा आणि वेळेचा हिशेब आहे.

मग मामानेच तोड काढली : चिप वेगळी घे, ताकद वेगळी. मिनीडीएसपीचा २×४ एचडी हा हातावर मावणारा डबा आहे. दोन इनपुट, चार आउटपुट, प्रत्येक चॅनेलला दहा-दहा इक्यू, हायपास, डिले, लिमिटरसाठी कॉम्प्रेसर. तो आधी, त्याच्यामागे मामाचा जड अ‍ॅम्प्लिफायर. एक गेलं तरी दुसरं शाबूत.

भाची : डबा मला आवडतो. पण मग केबल वाढल्या, जोडण्या वाढल्या. त्याचं आउटपुट आरसीएवर, दोन व्होल्टचं, बॅलन्स्ड नाही. डिशचा सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यांचं अर्थिंग एकमेकांत फिरलं की पन्नास हर्ट्झचा हम्म सुरू. आणि सबवूफर हम्म मन लावून वाजवतो. शिवाय लिमिटरचं काय? आठ ओहमला ३०० वॉट म्हणजे ४९ व्होल्ट. त्याच्यावर जाऊ द्यायचं नाही असं मी डब्यात ठरवलं आणि कुणी अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब फिरवला, तर ते गणित गेलं. एकाच मशीनमध्ये असलं की हे सगळं आपसात बांधलेलं असतं.

मामा : नॉब पूर्ण उघडायचा आणि वर टेप मारायची. मांडवात आम्ही दुसरं काय करतो? आणि हम्मचं म्हणशील, तर आधी अर्थिंगचा खड्डा बघ. मीठ-कोळसा घालून किती वर्षं झाली? त्याला पाणी कोण घालतं? लोक हम्म जावा म्हणून तिसरी पिन काढून टाकतात. मी ते कधी केलं नाही, कुणाला करू दिलं नाही. भिजल्या मांडवात माईकला हात लावलेला माणूस फेकला गेलेला बघितलाय मी. हम्म राहिला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावू. पिन राहील.

पंख्याचा मुद्दा दोघांनी एका वाक्यात संपवला. स्टेजसाठी केलेल्या मशीनचा पंखा मैदानात ऐकू येत नाही, रात्रीच्या शांत खोलीत विलंबित आलाप लागला की येतो. ज्यांना असं मशीन घ्यायचंय त्यांनी ते शेजारच्या खोलीत ठेवून स्पीकरची वायर लांब ओढावी. पंखा बदलला की वॉरंटी जाते.

शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र मला लांबवायचा आहे. आमची मागची भिंत शेजारच्या घराला लागून आहे, आणि दुसरा खोका त्याच भिंतीला जाणार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण ती ‘ए’ मापाची. हे माप कानाच्या चालीने बेस वजा करतं : ४० हर्ट्झला सुमारे ३५ डीबी, ६३ ला २६. म्हणजे मोबाइलवरचं मीटर हिरवं दाखवत असताना शेजारच्या मांडणीतली भांडी वाजत असू शकतात. भिंत उंच सूर अडवते, बेस फारसा अडवत नाही. नियमाचा आकडा पाळून शेजारधर्म मोडता येतो. म्हणून मी दोघांना सांगितलं, रात्री दहानंतरचं एक वेगळं सेटिंग साठवून ठेवा, त्यात ८० च्या खालचं सगळं खाली आणा. साठवलेली सेटिंग बदलणं हे डीएसपीचं काम आहे, आणि मला विचाराल तर वस्तीत राहणाऱ्यासाठी तेच त्याचं सगळ्यात मोठं काम आहे. नॉब रोज रात्री कुणी आठवणीने फिरवत नाही.

माझा कौल वेगळ्या डब्याला आहे. मुलीला तो पूर्ण पटलेला नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जिथे सर्व्हिस सेंटर शहरातच आहे, तिथे ती एकत्र मशीनच घेईल, आणि तिथे ते बरोबरही असेल. पण काही विकत घेण्याआधी हे सगळं फुकट करून बघता येतं, हे तिने दाखवलं. लॅपटॉपवर ‘इक्वलायझर एपीओ’ टाकलं, त्यातून आवाज मामाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दिला, एक खोका पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या. ७० हर्ट्झला ८ डीबीचा कट, अरुंद. मोजणीची रेघ जवळजवळ सपाट आली. पखवाज लावला.

मामा : बोल सुटलेत. पण कणकेचा वजनदारपणा गेला. कट किती ठेवलास?

भाची : आठ.

मामा : सहा कर.

भाची : रेघेवर दोन डीबीचा उंचवटा राहील, मामा.

मामा : राहू दे. मी पखवाज हातभर अंतरावरून ऐकलेला आहे. त्याचा डावा हात असाच येतो.

तिने सहा केला, आवर्तन पुन्हा लावलं, डोळे पडद्यावरून काढून शेवटपर्यंत ऐकलं, आणि सहाच ठेवला. मामाने खिशातून मार्कर काढला आणि दोन्ही खोक्यांच्या पाठीवर लिहिलं : हायपास ३५, कट ७०, वजा ६. मग विचारलं, डबा किती दिवसांत येईल, तोवर अर्थिंगचा खड्डा उकरून घेतो.